जुन्या सतरंजीला नवे रंग



बालवर्गाच्या खोलीत सध्या निळ्या पट्ट्यांची आणि त्यांवर पिवळ्या बदकांची रांग असलेली सतरंजी अंथरलेली आहे. स्नेहसंमेलनाच्या दिवशी ती पुष्कळांनी पाहिली आणि कोठून आणली म्हणून विचारले. काही पालकांनी आपल्या घरची जुनी दरीही अशी रंगवता येईल का, असेही विचारले. सतरंजी नवी नाही. एका मॅरेज गार्डनमधून निघालेल्या सामानात ती आम्हाला 300 रुपयांना मिळाली. रंग आपल्या सातवी-आठवीच्या मुलांनी दिले. ते कसे दिले, हे या अंकात क्रमाने सांगत आहोत. पण त्याआधी दोन वर्षांपूर्वीची आमची एक चूक सांगणे भाग आहे, कारण हा सारा धडा आम्ही त्या चुकीतूनच शिकलो.

एक शब्दाचा घोटाळाही आधी मिटवून टाकू. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. त्यामुळे प्रार्थनेनंतर आम्ही सूचना दिली ती "शनिवारी दरी रंगवायची आहे" अशी. मराठीच्या तासाला दोन डोंगरांमधली दरी शिकलेली पाचवीची मुले हसू लागली. ग्वाल्हेरच्या आपल्या बहुतेक घरांत आता दरी हाच शब्द चालतो, पण आजी अजून सतरंजी म्हणते. या लेखात आम्ही आजीचा शब्द वापरला आहे.

आमची चूक

आपल्याकडे जानेवारीत पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरतो. बालवर्गाची मुले फरशीवर बसतात. नवीन जाड अंथरूण घ्यायचे तर खर्च मोठा, म्हणून दोन वर्षांपूर्वी आम्ही एक जुना गालिचा विकत घेतला. तो मऊ होता, थोडा चमकदार होता, फक्त रंग उडालेला होता. आठवीच्या मुलांनी दोन रविवार खपून त्यावर कापडाच्या रंगांनी फुले काढली. सुकल्यावर गालिचा फार सुंदर दिसला. आम्ही लगेच तो बालवर्गात अंथरला.

आठवड्याभरात रंगाच्या खपल्या निघू लागल्या. मुलांच्या गुडघ्यांना, मोज्यांना, पांढऱ्या गणवेशाला लाल-हिरवे डाग पडले. एक आई मुलीचा फ्रॉक घेऊन कार्यालयात आल्या. त्या रागावल्या नाहीत. "सर, हे तोंडात गेले तर काही होत नाही ना?" एवढेच त्यांनी विचारले. आमच्याजवळ नीट उत्तर नव्हते. त्याच दिवशी आम्ही गालिचा उचलला. रंगांवर खर्च झालेले सुमारे 1,400 रुपये वाया गेले. ते पैसे विश्वस्त मंडळाने विश्वासाने दिले होते. आठवीच्या मुलांनी आम्हाला काही विचारले नाही, याचे आम्हाला जास्त वाईट वाटले.

रंग खराब नव्हता आणि मुलांचे कामही चांगले होते. तो गालिचा कोणत्या धाग्याचा आहे, हे आम्ही पाहिलेच नव्हते.

रंग धाग्याला कसा धरतो?

कापडाच्या रंगाच्या बाटलीत मुख्यतः तीन गोष्टी असतात : रंगाची अतिशय बारीक पूड, ती धरून ठेवणारा ॲक्रिलिक चिकट पदार्थ आणि पाणी. रंग लावल्यावर पाणी उडून जाते. चिकट पदार्थाचे कण एकमेकांना मिळतात, त्यांचा पातळ पापुद्रा तयार होतो आणि तो धाग्याला वेढून बसतो. रंगाची पूड त्या पापुद्र्यात अडकलेली असते.

रंगारी साडी कढईत बुडवून रंगवतो, ती रीत वेगळी. तिथे रंग धाग्याच्या आत शिरतो. आपल्या बाटलीतला रंग धाग्याच्या वर बसतो. म्हणून सगळे काही धाग्याची पकड कशी आहे यावर ठरते.

सुती धागा पाणी पितो आणि अंगाने खरखरीत असतो. रंग पाण्याबरोबर त्याच्या तंतूंमध्ये शिरतो आणि सुकल्यावर तिथेच आवळला जातो. स्वस्त, चमकदार, यंत्रावरचे पुष्कळ गालिचे पॉलिप्रॉपिलीनचे असतात. हे प्लास्टिक मेणासारखे गुळगुळीत असते आणि पाण्याला जवळ येऊ देत नाही. त्यावर बसलेला रंगाचा पापुद्रा पाय घासले की सुटून येतो. आमचा पहिला गालिचा पॉलिप्रॉपिलीनचाच होता.

धागा ओळखण्याच्या तीन परीक्षा

या वेळी मुलांनी रंगाला हात लावण्याआधी विज्ञानाच्या प्रयोगशाळेत तीन परीक्षा घेतल्या. त्या घरीही करता येतात.

पहिली थेंबाची. सतरंजीचा कोपरा धुऊन पूर्ण वाळवावा आणि त्यावर पाण्याचा एक थेंब ठेवावा. सुती धागा तो लवकर शोषून घेतो. थेंब मोत्यासारखा तसाच बसून राहिला तर धागा प्लास्टिकचा असू शकतो, किंवा त्यावर तेल-मळ तरी आहे. म्हणून ही परीक्षा धुतल्यानंतरच करावी.

दुसरी बुडण्याची. दोन-तीन धागे सुटे करून पेल्यातल्या पाण्यात टाकावेत. पाण्यात साबणाचा एक थेंब घालावा आणि धागे चमच्याने दाबून हवेचे बुडबुडे काढावेत. पॉलिप्रॉपिलीनची घनता सुमारे 0.91, म्हणजे पाण्यापेक्षा कमी. ते कितीही दाबले तरी वर येते. सुताची घनता सुमारे 1.5, पॉलिएस्टरची 1.38, नायलॉनची 1.14. हे तिन्ही धागे बुडतात. जुन्या गालिच्याचा जपून ठेवलेला तुकडा मुलांनी पाण्यात टाकला. तो पुन्हा पुन्हा वर आला, तेव्हा आमची दोन वर्षांपूर्वीची चूक सगळ्या वर्गाने डोळ्यांनी पाहिली.

तिसरी जळण्याची. ही फक्त मोठ्यांनी करावी, मुलांनी मुळीच नाही. एक-दोन धागे चिमट्यात धरून, जवळ पाण्याची वाटी ठेवून, ज्योतीला लावावेत. सूत कागदासारखे जळते आणि मऊ करडी राख उरते. लोकरीला केस जळाल्यासारखा वास येतो आणि बोटांनी चुरडता येणारा काळा गोळा राहतो. प्लास्टिकचे धागे वितळून त्यांचा कडक मणी बनतो.

गालिचा असेल तर वरचे केसाळ धागे आणि खालचे विणकामाचे धागे वेगवेगळे तपासावेत. पुष्कळदा दोन्ही सारखे नसतात.

कशाला रंगवू नये?

सूत निघाले तर पुढे जावे. पॉलिप्रॉपिलीन निघाले तर रंगाचा नाद सोडावा. पॉलिएस्टर किंवा नायलॉन असेल तर त्या कापडावर चालेल असे बाटलीवर लिहिलेले असेल तेव्हाच, तेही आधी कोपऱ्यावर करून पाहावे. लोकरीवर रंग बसतो, पण तिचा मऊपणा आणि ऊब दोन्ही कमी होतात. लांब केसांच्या गालिच्यावर रंग फक्त टोकांना लागतो आणि केस एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात. सपाट विणीची सुती सतरंजी या कामाला सर्वांत चांगली.

हाताने गाठी मारून विणलेला जुना गालिचा घरात असेल तर त्याला ब्रश लावू नये, अशी आमची सर्व पालकांना विनंती आहे. आपल्या गावात ही कला पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ग्वाल्हेरच्या हातविणीच्या गालिच्यांना 2023 मध्ये भौगोलिक संकेत मानांकन मिळाले. तुमच्या माळ्यावरचा मळका गालिचा अशाच एखाद्या कारागिराच्या हातचा असू शकतो. तो ओळखायचा तर उलटा करून पाहावा. हातविणीच्या गालिच्याच्या पाठीवरही नक्षी स्पष्ट दिसते आणि एकेक गाठ मोजता येते. त्याच्या दशा म्हणजे विणीतलेच उभे धागे असतात, वेगळ्या शिवलेल्या नसतात. पाठीवर जाड कापड चिकटवलेले असेल तर तो गाठींचा नाही. शंका आली तर जाणकाराला दाखवावे. एकदा रंग लागला की तो निघत नाही.

धुणे आणि वाळवणे

बाहेरून आणलेली सतरंजी थेट घरात घेऊ नये. आम्ही ती प्रथम अंगणात दोरीवर टाकून काठीने झोडपली. किती धूळ निघाली ते सांगायला नको. कडा आणि शिवणी उलगडून ढेकूण किंवा किडीची अंडी नाहीत ना ते पाहिले. मग सौम्य साबणाच्या पाण्याने धुतली आणि साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळली. कपडे मऊ करणारे द्रव वापरू नये. त्याचा थर धाग्यावर राहतो आणि रंगाची पकड कमी होते.

नंतर दोन्ही बाजूंनी तीन दिवस कडक ऊन दिले. आत ओल राहिली तर रंग पसरतो आणि पुढे बुरशीचा वास येतो.

जुना रंग पक्का आहे का, हेही याच वेळी पाहावे. पांढरे ओले फडके जुन्या पट्ट्यांवर घासावे. फडक्याला रंग लागला तर तो जुना रंग नव्या रंगातही उतरणार.

रंगांची निवड

आमच्या सतरंजीवर पांढुरक्या जमिनीवर दोन फिकट निळे पट्टे होते आणि मध्ये एक विटलेला लाल पट्टा. मुलांना लाल पट्टा हिरवा करायचा होता. चिंधीवर करून पाहिले तर तो मातकट तपकिरी झाला. कारण साधा कापडाचा रंग थोडाफार पारदर्शक असतो. रंगीत काचेतून पाहावे तसा खालचा रंग वर दिसत राहतो. त्यामुळे फिकट रंग गडद करणे सोपे असते, गडद रंग फिकट करणे अवघड. निळ्यावर निळा छान उठला. लाल पट्टा आम्ही तसाच ठेवला.

आठवीच्या मुलांची सहल किल्ल्यावर गेली होती. राजा मानसिंह तोमर यांची कारकीर्द 1486 ते 1516 अशी. त्यांच्या महालाच्या दगडी भिंतीवर निळ्या फरश्या आहेत आणि पिवळ्या बदकांची रांग आहे. निळ्या पट्ट्यांवर तीच बदके काढायची, असे मुलांनी ठरवले. कल्पना उत्तम होती, पण निळ्यावर पिवळा रंग दिला की हिरवा होतो. म्हणून बदकांच्या जागी आधी झाकणारा पांढरा रंग दिला, तो वाळल्यावर पिवळा दिला. असा दुहेरी थर थोडा कडक होतो. बदके लहान असल्यामुळे ते चालले. पूर्ण पट्टा असा रंगवला असता तर सतरंजीची घडी पडली नसती.

रंग किती लागेल?

हा हिशेब सातवीच्या मुलांनी केला. सतरंजी 6 फूट रुंद आणि 9 फूट लांब, म्हणजे 54 चौरस फूट. पण रंगवायचे फक्त दोन निळे पट्टे, प्रत्येकी 1 फूट रुंद आणि 9 फूट लांब. म्हणजे 18 चौरस फूट. मुलांनी कोपऱ्यापासून एक चौरस फूट आखून दोन हात दिले आणि रंग मोजला. तो 20 मिलिलिटर लागला. 18 गुणिले 20 म्हणजे 360 मिलिलिटर. लहान 15 मिलिलिटरच्या बाटल्या घेतल्या असत्या तर 24 लागल्या असत्या. म्हणून थोडा जास्त धरून निळ्याची मोठी बाटली घेतली आणि पिवळा-पांढरा लहान बाटल्यांत घेतला.

तुमच्या सतरंजीची वीण जाड असेल तर रंग जास्त लागेल. तेव्हा आमचा आकडा न घेता स्वतः एक फूट रंगवून पाहावे.

रंगवण्याची रीत

सतरंजीखाली जुने प्लास्टिक आणि त्यावर वर्तमानपत्र पसरावे. पट्ट्यांच्या कडांना कागदी चिकटपट्टी घट्ट दाबून लावावी. रंग फार घट्ट वाटला तर अगदी थोडे पाणी घालावे. पाणी जास्त झाले की चिकट पदार्थ विरळ होतो आणि सुकल्यावर रंग पुडीसारखा निघतो. रंग पातळ करण्याचे मीडियम दुकानात मिळते. पाण्यापेक्षा ते बरे, कारण त्यातही चिकट पदार्थ असतो.

आखूड, ताठ केसांच्या ब्रशाने विणीत रंग मुरवावा. आधी उभा, मग आडवा, म्हणजे धाग्यांच्या फटीत पांढरे राहत नाही. एक जाड हात देण्याऐवजी दोन पातळ हात द्यावेत आणि पहिला पूर्ण वाळल्यावरच दुसरा द्यावा. पहिल्या गालिच्यावर आम्ही जाड थर दिला होता, त्यामुळे खपल्याही मोठ्या निघाल्या.

बदकांसाठी मुलांनी जुन्या एक्स-रे फिल्मचा साचा कापला. प्रत्येक फुटाला एक, अशी एका पट्ट्यावर 9 आणि दोन्हींवर मिळून 18 बदके बसली. साच्यात ब्रश फिरवू नये, रंग कडेखाली शिरतो. स्पंजाच्या तुकड्याला रंग लावून तो आधी कागदावर टिपावा आणि मग हलक्या हाताने ठोकत जावे. साचा उलटा केला की मागचा रंग सतरंजीला लागतो, म्हणून दुसऱ्या दिशेच्या बदकांसाठी वेगळा साचा करावा. आमच्याकडे घाईत एक बदक उलट्या दिशेला गेले आहे. बालवर्गाच्या मुलांनी ते पहिल्याच दिवशी शोधून काढले.

रंग पाण्यात मिसळणारा असला तरी सुकल्यावर तो प्लास्टिकच होतो. म्हणून ब्रश आणि वाट्या आधी वर्तमानपत्राने पुसून मग धुवाव्यात. उरलेला रंग मोरीत ओतू नये.

पक्का करणे आणि परीक्षा

शेवटचा हात दिल्यावर आम्ही सतरंजी पूर्ण एक दिवस सावलीत ठेवली. मग पातळ सुती फडके घालून, वाफ न वापरता, सुती कपड्यांच्या आचेवर इस्त्री केली. प्रत्येक जागी सुमारे तीन मिनिटे, इस्त्री सतत हलती ठेवून. उष्णतेने चिकट पदार्थ मऊ होतो, त्याचे कण नीट एकजीव होतात आणि मग पाणी त्यांना सहज सोडवू शकत नाही. किती वेळ आणि किती आच, हे बाटलीवर दिलेले असते. तेच पाळावे. हे काम आमच्या दोन शिक्षिकांनी केले आणि त्यात सबंध दुपार गेली.

त्यानंतर तीन दिवस सतरंजीला पाणी लावले नाही. चौथ्या दिवशी परीक्षा घेतली. पांढऱ्या फडक्याने एकाच जागी 50 वेळा कोरडे घासले, मग दुसऱ्या जागी 50 वेळा ओले घासले. दोन्ही फडकी पांढरी राहिली. तेव्हाच सतरंजी बालवर्गात गेली. पहिल्या वेळी एवढी एक परीक्षा केली असती, तरी कोणाच्या मुलीच्या फ्रॉकला डाग पडला नसता.

त्या आईंच्या प्रश्नाचे उत्तरही आता देता येईल. रंग घेताना बाटलीवर तो विषारी नसल्याचे लिहिलेले आहे का, ते पाहावे. पण त्यावरच विसंबू नये. रंग नीट पक्का झाला, घासून पाहिला आणि एकदा धुतला, की मगच लहान मुलांना त्यावर बसू द्यावे. कुठे खपली सुटू लागली तर सतरंजी लगेच उचलावी. आम्ही दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी फडके घासून पाहतो.

रोजची काळजी सोपी आहे. झाडून घ्यावी, डाग पडला तर ओल्या फडक्याने टिपावा, ब्रशाने खरवडू नये. धुवायची तर गार पाण्यात हाताने, आणि उलटी करून वाळवावी.

शेवटी

सतरंजी, रंग, ब्रश आणि चिकटपट्टी यांच्या खर्चाच्या पावत्या कार्यालयात ठेवल्या आहेत. विश्वस्त मंडळींनी आणि पालकांनी त्या जरूर पाहाव्यात.

दोन वर्षांपूर्वी पहिला गालिचा रंगवणारी मुले आता दहावीत आहेत. नवी सतरंजी अंथरली त्या दिवशी आम्ही त्यांना मुद्दाम बोलावले आणि त्या वेळी चूक त्यांची नव्हती, आमची होती, हे सर्वांसमोर सांगितले. मुले थोडा वेळ गप्प उभी राहिली. मग त्यांच्यातला एक जण नळावर गेला, रुमाल ओला करून आणला आणि गुडघ्यांवर बसून निळ्या पट्ट्यावर जोराने घासला. रुमाल उलटसुलट पाहून त्याने तो दुसऱ्याकडे दिला. रुमाल सगळ्यांच्या हातांतून फिरला आणि पांढराच राहिला.

ज्या पालकांना घरची सतरंजी रंगवायची असेल त्यांनी तिचे चार-पाच धागे कागदाच्या पुडीत घालून, पुडीवर नाव लिहून मुलांबरोबर पाठवावेत. शनिवारी आठवीची मुले ते पाण्यात टाकून पाहतील आणि पॉलिप्रॉपिलीन आहे की नाही, ते लिहून कळवतील. रंग त्यानंतरच घ्यावेत.

— प्राचार्य